'जिरवणे' : एका क्रियापदाची पूर्वपीठिका

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दोन माणसांचे बिनसले की एक वाक्य हमखास कानावर येते : 'त्याची जिरवल्याशिवाय राहत नाही.' हे वाक्य उच्चारणाऱ्याला राग आलेला असतो, पण वाक्याचा विषय राग नव्हे. त्याला न्याय हवा असतो असेही नेहमी म्हणता येत नाही. न्याय मिळाला तर तो कदाचित निराशच होईल. समोरच्याचे काही हिरावून घ्यावे आणि आपल्या पदरात पाडावे, हा लोभही त्यात असेलच असे नाही. उलट स्वतःचे चार पैसे गेले, स्वतःचे पीक वाळले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून स्वतःचे जोडे फाटले तरी बेहत्तर, पण त्याची जिरली पाहिजे, अशी ही वृत्ती आहे. मराठी म्हणींनी ती नेमकी ओळखलेली आहे. आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारा, नवरा मेला तरी चालेल पण सवत रंडकी झाली पाहिजे म्हणणारी, 'तुला ना मला, घाल कुत्र्याला' म्हणून ताट उचलून देणारा, ही सारी एकाच कुळातली माणसे. म्हणींनी वृत्तीचे चित्र काढले. मात्र तिला क्रियापद दिले ते बोलीने, आणि ते क्रियापद पचनाचे आहे.

या वृत्तीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. मत्सर, असूया, द्वेष हे संस्कृतातून आलेले शब्द मनाची अवस्था सांगतात. त्यांच्यापुढे 'करणे' लावावे लागते आणि तरीही ते मनातच राहतात. बोलीतले शब्द थोडे अधिक हालचाल करतात. 'आकस' हा अरबी 'अक्स'शी जोडला जातो. त्या मूळ शब्दात उलटेपणा आणि प्रतिबिंब असे दोन्ही अर्थ आहेत. 'पाण्यात पाहणे' या वाक्प्रचाराशेजारी तो ठेवला की एक मौजेचा योग दिसतो, पण तो योगच समजावा, व्युत्पत्ती नव्हे. 'खुन्नस' सामान्य वक्ता 'खून' या शब्दाशी जोडून मोकळा होतो. हिंदी कोशकारांनी तिच्यामागे 'खिन्नमनस्' सुचवलेले आहे, आणि ते खरे असेल तर ज्या शब्दात आज रक्त दिसते त्यात मुळात केवळ खिन्नता होती असे म्हणावे लागेल. 'डूख' सापाचा. दुखावलेला नाग माणूस ओळखून ठेवतो या लोकसमजुतीवर तो उभा आहे. 'दावा' या अरबी शब्दाने तर मराठीत दोन घरे केली : कोर्टातली फिर्याद म्हणजे दावा आणि हाडवैर म्हणजेही दावा, जुन्या मराठीत 'दावेदार' म्हणजे हक्क सांगणारा तसाच वैरीही. बारामतीच्या न्यायालयाच्या आवारात ज्याने एखादी सकाळ काढली आहे त्याला हे दोन अर्थ वेगळे करणे अवघड जाईल.

आकस, खुन्नस, डूख यांना लागणारी क्रियापदे पाहावीत. आकस ठेवतात, खुन्नस काढतात, डूख धरतात. म्हणजे या सगळ्या वस्तू आहेत, माणसाच्या आत साठवलेल्या. 'जिरवणे' हे मात्र स्वतःच कृती आहे, आणि ती दुसऱ्याच्या आत घडते. हा फरक लहान नाही.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने शब्द सरळ आहे. संस्कृत 'जॄ' या धातूचा अर्थ झिजणे, म्हातारे होणे आणि पचणे. त्याच धातूतून जरा, जीर्ण, जर्जर, अजीर्ण आले. स्वयंपाकघरातले जिरे म्हणजे 'जीरक' तेही याच घरचे. 'जीर्यति' या रूपापासून प्राकृतातून मराठीत 'जिरणे' आले आणि त्याचे प्रयोजक रूप 'जिरवणे' झाले. अन्न जिरते, औषध जिरते, तेल अंगात जिरते, पाणी जमिनीत जिरते. वृद्धत्व आणि पचन यांना एकच धातू असावा यात प्राचीनांचे निरीक्षण दिसते : दोन्हींत वस्तू नाहीशी होत नाही, तिचे वस्तुपण तेवढे जाते. खाल्लेली भाकरी पोटात भाकरी म्हणून राहत नाही. 'त्याची जिरली' म्हणताना नेमके हेच अभिप्रेत असते. माणूस मरत नाही, गाव सोडत नाही, चावडीवर येऊन बसतोही. पण जो होता तो राहत नाही.

प्रश्न व्याकरणाचा उरतो, आणि या शब्दाचे खरे रहस्य तिथे आहे. 'त्याची जिरवली' या वाक्यात कर्म कोठे आहे? 'त्याची' हे षष्ठीचे रूप स्त्रीलिंगी आहे, 'जिरवली' हे क्रियापदही स्त्रीलिंगी आहे. दोन्हींचा मेळ ज्या नामाशी आहे ते नाम मात्र वाक्यात नाही. ते कोणते, असे विचारले तर वक्ता क्षणभर थांबतो आणि मग एक नाही, अनेक नामे पुढे करतो : मस्ती, रग, खोड, घमेंड, गुर्मी, खुमखुमी. ही सारी स्त्रीलिंगी आहेत आणि सारी 'जिरणे' या क्रियापदाबरोबर रूढ आहेत. मराठीत अशी अनामिक स्त्रीलिंगी कर्मे आणखीही सापडतात. 'एक ठेवून दिली', 'कानाखाली वाजवली' ही त्यांपैकीच. परंतु तिथे थप्पड सांगितली काय आणि न सांगितली काय, अर्थात फरक पडत नाही. येथे पडतो. आलंकारिकांच्या परिभाषेत ही रूढीमूल लक्षणा म्हणता येईल : मुख्यार्थ बाधित झाला, रूढीने दुसरा अर्थ दिला, काम भागले. मात्र जे नाम गाळले गेले ते केवळ उच्चाराच्या सोयीसाठी गाळले गेले असे मानणे भोळेपणाचे होईल.

कारण ते नाम म्हणजे आरोप आहे. 'मी त्याला त्रास दिला' असे म्हणणाऱ्याला 'का?' असा प्रश्न येतो. 'मी त्याची जिरवली' असे म्हणणाऱ्याला तो येत नाही, कारण ज्याची जिरवली त्याच्यापाशी काहीतरी जिरवण्याजोगे, जास्तीचे, मर्यादेबाहेर वाढलेले होते, हे वाक्याने आधीच गृहीत धरलेले असते. आरोपाचा उच्चार न करताच आरोप सिद्ध होतो आणि शिक्षाही होऊन जाते. जो आरोप उच्चारलाच गेला नाही तो खोडून कसा काढणार? मस्ती म्हणावे तर मस्ती केली नाही असे दाखवता येईल. घमेंड म्हणावे तर साक्षीदार आणता येतील. पण रिकाम्या जागेविरुद्ध साक्ष देता येत नाही. या शब्दाची सत्ता त्या रिकाम्या जागेत आहे.

ग्रामीण समाजात ही जागा कोण कोणाविरुद्ध भरतो, हे पाहिल्यावर विनोद संपतो. ज्याच्या घरात पहिल्यांदा मुलगा शिकला, ज्याने वेशीबाहेरून येऊन रस्त्याकडेची जागा घेतली, ज्याच्या लग्नाची वरात घोड्यावरून निघाली, त्याच्याबद्दल 'माजलेत' हे एकच क्रियापद उच्चारले जाते आणि पुढचे 'जिरवली पाहिजे' त्यातून आपोआप निघते. त्याचे बरोबरीने चालणे हेच ते जिरवण्याजोगे जास्तीचे. दलित आत्मकथनांत बहिष्काराची, पाणवठा बंद करण्याची, मजुरी तोडण्याची जी वर्णने आहेत, त्यांचे गावाच्या बाजूने केलेले समर्थन एका वाक्यात मावते आणि ते वाक्य हेच असते. मराठी समीक्षेने या आत्मकथनांची भाषा पुष्कळ तपासली. गावाची भाषा त्या मानाने कमी तपासली.

शब्दाची प्राचीन कथा मात्र वेगळीच आहे, आणि योगायोगाने ती बारामतीशी येऊन भिडते. महाभारताच्या वनपर्वात अगस्त्याचे आख्यान आहे. इल्वल आणि वातापी हे दोन असुर भाऊ. वातापीला बोकड करून, रांधून, अतिथीला वाढायचे. अतिथी जेवला की इल्वलाने भावाला हाक मारायची आणि वातापीने पोट फाडून बाहेर यायचे, असा त्यांचा परिपाठ. अगस्त्य जेवला, इल्वलाने हाक मारली, वातापी आला नाही. तो जिरला होता. पोट भरल्यावर हात फिरवून वातापीचे नाव घेण्याची रीत जुन्या घरांत अजून ऐकलेली असते. शत्रूला अक्षरशः जिरवणारा हा पहिला पुरुष, आणि त्याच्या कृतीत आकसाचा लवलेश नाही. त्याने वाढलेले खाल्ले, इतकेच.

ते महाभारत अठराव्या शतकात आर्यावृत्तात मराठीत उतरवले मोरोपंतांनी, कऱ्हेच्या काठी, बारामतीत. पन्हाळ्यावर १७२९ साली जन्मलेले मोरोपंत नाईकांच्या आश्रयाने बारामतीस राहिले आणि १७९४ मध्ये तेथेच वारले. भाऊबंदकीचे आदिकाव्य ज्या वाड्याच्या सावलीत पुन्हा लिहिले गेले त्या वाड्याची स्वतःची कथाही जिरवाजिरवीचीच आहे. बाबूजी नाईक हे सावकार. त्यांचे बंधू आबाजी नाईक यांना बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई दिलेली, म्हणजे पेशव्यांशी सोयरीक. थोरल्या बाजीरावांना त्यांनी मोठे कर्ज दिलेले होते. १७४० मध्ये बाजीराव वारले तेव्हा रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बाबूजी नाईकांचे नाव पुढे केले. शाहू महाराजांनी वस्त्रे बाजीरावांच्या मुलाला, नानासाहेबांना दिली. त्यानंतर नाईकांनी कर्जाचा तगादा लावला. तो किती टोकाला गेला याची नोंद ग्रँट डफने घेतलेली आहे. तगाद्याची रीत त्याला ठाऊक होती, पण येथे ती छळाच्या सीमेपर्यंत नेलेली त्याला दिसली. शेवटी महादोबा पुरंदरे यांनी आपल्या पतीवर ती रक्कम भागवण्याची व्यवस्था केली. नाईकांचे पैसे खरे होते, देणेही खरे होते. तरीही ज्या वेळी आणि ज्या रीतीने ते मागितले गेले, त्यात वसुलीपेक्षा निराळे काही मागितले जात होते हे उघड आहे. हक्काची मागणी आणि जिरवणे यांतली सीमारेषा अशी बारीक असते, आणि जिरवणाऱ्याच्या हातात बहुधा खरा कागद असतो.

याच तालुक्यात कागदाची दुसरीही एक गोष्ट घडली, ती तुलनेसाठी उपयोगी आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कुणब्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या त्या दंग्यांत जमावाची मागणी बहुतेक ठिकाणी एकच होती : रोखे आणि खते बाहेर काढा. ती मिळाली की जाळायची. सावकारांच्या जिवाला फारसा धक्का लागला नाही. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. या दंग्यांत राग भरपूर होता, पण 'सावकाराची जिरवली' हे वर्णन त्यांना पुरत नाही. ज्या कागदाने गळा आवळला होता तो जळाला की हात थांबत होते. जिरवणाऱ्याचा हात कशाने थांबतो हे सांगता येत नाही; कारण त्याच्या वाक्यातले कर्मच गाळलेले असते.

आता पाण्याकडे वळले पाहिजे. 'जिरवणे' हा शब्द मराठी मुलखात सगळीकडे आहे, तरी या दोन तालुक्यांत त्याला जी धार आली ती पाणी आणि बांध यांच्यामुळे, असे मानण्यास आधार आहे. मुंबई इलाख्यातली शेतवार जमीनमोजणीची पद्धत इंदापुरात आकाराला आली. प्रिंगलची आधीची आकारणी येथे कोसळल्यानंतर १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली. प्रत्येक शेताला क्रमांक, प्रत्येक शेताला हद्दीच्या खुणा आणि प्रत्येक शेतामागे सरकारला जबाबदार असा एकेक खातेदार ही त्या पद्धतीची अंगे. पूर्वी हद्दीचे तंटे नव्हते असे नव्हे. गोतसभेचे महजर आणि दिव्ये यांनी जुने कागद भरलेले आहेत. परंतु मोजणीने बांधाला जे कायमचे, कागदावरचे अस्तित्व दिले ते नवे होते. नांगराचे एक तास शेजारच्या हद्दीत घालून दरसाल वितीने बांध कोरणे ही कला त्यानंतर अर्थपूर्ण झाली. कोरलेल्या बांधाने कोणाची कणगी भरल्याचे ऐकिवात नाही.

मग कालवा आला. १८७६-७७ च्या दुष्काळात कामाला लागलेला नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकात वाहू लागला आणि एकाच तालुक्याचे दोन मुलूख झाले, बागायती आणि जिरायती. 'जिरायत' हा शब्द अरबी 'ज़िराअत'वरून आलेला, म्हणजे नुसती शेती. 'जिरणे'शी त्याचे नाते नाही. पण पाटाच्या खालचा शेतकरी त्याला हे पटू देणार नाही, आणि लोकव्युत्पत्तीला कधी कधी शास्त्रापेक्षा अधिक कळते. कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांना पाणी भरपूर, शेपटाशी असलेल्यांना पाळी चुकली तर वाळवण. पाण्याची ओढाताण आणि वशिले थांबावेत म्हणून विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यावर उसासाठी ब्लॉक पद्धत आणली. ती शहाणपणाची होती, पण रात्री दारे धरणाऱ्या माणसाच्या हातातल्या फावड्यापर्यंत कोणतीही पद्धत पोचत नाही. आपल्या वाफ्यात पाणी घेणे निराळे आणि आपले भिजून झाल्यावर पाट ओढ्याला फोडून देणे निराळे. दुसऱ्या कृतीला या भागात नाव आहे.

१९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर दुष्काळी पट्ट्यात समपातळी बांध पडू लागले. बांध आता दोन कामे करू लागला : एक बांध माणसे वेगळी करतो, दुसरा पाणी थोपवून जमिनीत मुरवतो. १९८० नंतर जलसंधारणाच्या कार्यक्रमांनी 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा शाळांच्या भिंतींपर्यंत नेली. घोषणा चांगली होती, कामही चांगले होते. तथापि ती वाचताच गाव हसले, आणि 'माणसे अडवा, माणसे जिरवा' हे विडंबन राजकारणाच्या वार्तांकनात रुळायला वेळ लागला नाही. आज 'अडवाअडवी-जिरवाजिरवी' हा जोडशब्द वर्तमानपत्रात दिसला की बातमी पाण्याची नाही हे वाचकाला न सांगता कळते. त्या बातम्यांतली उदाहरणे येथे देण्याचे कारण नाही. ती सर्वांना पाठ आहेत. 'जिरवाजिरवी' या नामाची घडण मात्र लक्षात घेतली पाहिजे. मारामारी, पळवापळवी यांसारखे ते परस्परवाचक नाम आहे. क्रियापदात एक कर्ता आणि एक बळी होता. नामात दोन्ही बाजू कर्त्या होतात आणि बळी कोणीच उरत नाही.

इंदापूर तालुक्यातल्या, कालव्याच्या शेपटाकडच्या एका गावातून पुण्यात आलेला आणि पुढे मराठीचा अध्यापक झालेला एक मुलगा या शब्दाबरोबर वाढला. त्याच्या वडिलांची आणि चुलत्यांची विहीर सामाईक होती, निम्मी-निम्मी. तीन दिवस यांची पाळी, तीन दिवस त्यांची. सातव्या दिवशी विहीर भरू द्यायची. कुरबूर कशावरून सुरू झाली याविषयी घरात चार मते होती : बांधावरच्या लिंबाच्या फांद्या, एका लग्नातला आहेर, मोटेची जुनी चाके विकून आलेले पैसे, आणि कोणाच्या तरी तोंडून गेलेला एक शब्द. विहिरीचा गाळ काढायचा तर दोघांनी निम्मा खर्च द्यायला हवा. वडील म्हणाले, त्याने आधी द्यावा. चुलते म्हणाले, ज्याला पाणी हवे त्याने काढावा. दोघांनाही पाणी हवे होते. एकाने गाळ काढला असता तर दुसऱ्याला निम्मे पाणी फुकट मिळाले असते, आणि ते मिळू नये एवढ्यासाठी दोघांनीही आपापले निम्मे सोडून दिले.

१९७२ चा पाऊस गेला. विहिरीत गाळावर ओंजळभर पाणी उरले, मग तेही नाही. दुष्काळी कामे निघाली तेव्हा दोघे भाऊ एकाच रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते. एकाच मस्टरवर नाव, एकाच मुकादमाची हजेरी, मध्ये दगडाचे दोन ढीग. परक्याचा रस्ता व्हावा म्हणून दोघांनी त्या वर्षात जितका दगड फोडला तितक्यात विहीर दोन परस खोल गेली असती, हा हिशेब मुलाने पुष्कळ वर्षांनी केला. आजीने तो तेव्हाच केला होता. सुकडीची पिशवी सोडत ती म्हणाली, "पाणी जिरवायचं सोडून एकमेकाची जिरवत बसल्यात. जिरली का आता?" तिच्या वाक्यात क्रियापद दोनदा आले आणि दोन्ही वेळा निराळे होते. वर्गात लक्षणा शिकवताना त्या अध्यापकाने पाठ्यपुस्तकातले गंगेच्या काठावरचे गौळवाड्याचे उदाहरण नेहमी दिले; हे मात्र कधी दिले नाही.

आजीच्या तोंडी या क्रियापदाचा तिसरा वापरही होता आणि तो कोशातही सापडतो : अपमान जिरवणे, राग आतल्या आत जिरवणे. सुनांना ती हेच सांगे. येथे कर्म उघड आहे, कर्ता आणि जिरवण्याची जागा एकच आहे. शब्द एक, पण दिशा उलटी. नीत्शेने १८८७ मधील 'नीतीची वंशावळ' या ग्रंथात विसरण्याच्या शक्तीची तुलना पचनाशी केली आहे. ज्याच्या ठायी ती शक्ती बिघडली तो अजीर्ण झालेल्या माणसासारखा असतो, त्याला कशाचाच निकाल लावता येत नाही, असे त्याचे म्हणणे. ज्या साचलेल्या वैरभावाला त्याने फ्रेंच नाव दिले आणि पुढे शेलरने ज्यावर स्वतंत्र निबंध लिहिला, तो भाव त्याच्या लेखी न पचलेले अन्न आहे. मराठी बोलीने हे रूपक नीत्शेला न विचारता सिद्ध केले, आणि एका पावलाने पुढे नेले : ज्याला स्वतःचा अपमान जिरवता येत नाही तो दुसऱ्याची जिरवायला निघतो. त्याचे अजीर्ण तो शेजाऱ्याच्या पोटात ढकलतो. तथापि हे मांडताना सावध राहिले पाहिजे. 'अपमान जिरव' हा सल्ला गावाने ज्यांना दिला त्या सुना होत्या, सालगडी होते, वेशीबाहेरचे लोक होते. आणि 'जिरवली पाहिजे' म्हणण्याची मुभा ज्यांना होती ते बहुधा बांधाचे मालक होते. पहिली क्रिया क्षमा मानावी आणि दुसरी द्वेष, अशी नीतीची सोपी वाटणी येथे चालत नाही. आजीने आयुष्यभर जे जिरवले त्याला क्षमा म्हणावे की निरुपाय, हे तिच्या शब्दाने सांगितलेले नाही.

विहिरीचा दावा बारामतीला अकरा वर्षे चालला. निकाल लागला तेव्हा विहिरीत बाभळी उगवल्या होत्या. पुढे वडिलांनी आपल्या हिश्श्यात विंधन विहीर घेतली, चुलत्यांच्या मुलांनी शेततळे केले, उसाला ठिबक आले. सातबाऱ्याच्या इतर हक्कात मात्र सामाईक विहीर आणि निम्मा हिस्सा अजून लिहिलेला आहे. चुलते वारले त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत अध्यापक गावी गेला. वडील नव्वदीला टेकलेले, ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्याने विचारले, "आण्णा, त्या विहिरीच्या टायमाला तात्यांची नेमकी काय जिरवायची होती?"

म्हातारा बराच वेळ शेंगा फोडत राहिला. प्रश्न ऐकू गेला नसावा असे वाटून तो पुन्हा विचारणार, तेवढ्यात वडील म्हणाले, "काय ते आता कुठं ध्यानात हाय. जिरवायची होती, एवढंच."